४९ मीटर उंच पूल आणि वीतभर उतार: पों द्यु गारची गोष्ट

नमस्कार राजेहो! माझ्यामागे दिसतो तो आमच्या मामा तलावाचा, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचा पाट. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पाणी सोडताना आमचा पाणकर, म्हणजे पाणी वाटणारा माणूस, आधी उतार बघतो. उतार जास्त झाला तर पाट खचतो, कमी झाला तर शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचतच नाही. आता हेच काम ५० किलोमीटरवर करायचं, आणि मध्येच नदीची दरी आडवी!

दक्षिण फ्रान्समध्ये रोमन लोकांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात हे करून दाखवलं. युझेसजवळच्या झऱ्याचं पाणी नीम शहरात न्यायचं होतं. सरळ अंतर २० किलोमीटर, पण मध्ये टेकड्या. म्हणून पाट वळणं घेत ५० किलोमीटर फिरवला. एवढ्या लांबीत एकूण उतार साडेबारा मीटरच्या आसपास, म्हणजे किलोमीटरमागे साधारण वीतभर!

गार्दों नदीच्या दरीवर त्यांनी जो पूल बांधला, तोच पों द्यु गार. कमानींचे तीन मजले, उंची जवळपास ४९ मीटर. हा फोटो नीट बघा, भिंतीतून हे दगड बाहेर आलेत ना? बांधकामाच्या वेळी पालख, म्हणजे परांची, त्यावर टेकायची. काही दगड सहा-सहा टनांचे, आणि खालचे दोन मजले चुन्याशिवाय रचलेले.

पण खरं डोकं लावलंय ते उतारात. पुलाच्या आधी किलोमीटरमागे ६७ सेंटिमीटर उतार, पुलानंतर जेमतेम १९! कारण पाणी आधीच खाली उतरवलं तर पूल तेवढा बुटका चालतो. सहाएक मीटर उंची अशी वाचवली, म्हणजे दगड आणि मजुरी किती वाचली असेल बघा. त्या बदल्यात पुढचा सगळा पाट जवळजवळ सपाट. तिथे बोटभर चूक झाली असती तरी पाणी तुंबलं असतं. आणि त्या काळी पातळी मोजायची ती ओळंब्यानं आणि पाणसळीनं! मला या माणसांपुढे हात जोडावेसे वाटतात.

आता पाट म्हटला की सफाई आलीच. त्या झऱ्याच्या पाण्यात चुना भरपूर. रोमन सत्ता ढासळली, देखभाल सुटली, आणि सव्वा मीटर रुंदीच्या पाटात काही ठिकाणी दोन्ही भिंतींवर जवळपास अर्धा-अर्धा मीटर थर चढला.

आपल्याकडे चुना नाही, गाळ आहे. पावसाळ्याआधी या पाटाची सफाई होणार आहे, तेव्हा कॅमेरा घेऊन परत येतो.