ताबा सरकारचा, उतारा आजींचा

श्रोतेहो, नमस्कार. मागच्या उन्हाळ्यात यावल तालुक्यातल्या एक आजी माझ्याकडे आल्या. पिशवीत सातबारा, घड्यांवर फाटलेला, कडेला केळीच्या चिकाचे काळे डाग. शेतातून पाटचारी जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण निवाड्याची नोटीस नाही की मोबदल्याचा रुपया नाही. म्हणाल्या, "गई जमीन. आते काय करानं?"

आपल्याकडे सर्रास बोललं जातं की मालमत्तेचा हक्क राज्यघटनेतून काढून टाकला. ते अर्धंच खरं आहे. ४४ व्या घटनादुरुस्तीनं १९७९ पासून तो मूलभूत हक्क राहिला नाही. पण अनुच्छेद ३००-क आला. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, असं तो सांगतो.

या एका ओळीत न्यायालयांनी किती जीव ओतला, ते मला आज सांगायचंय. हिमाचल प्रदेशातल्या विद्या देवी यांची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी गेली. भूसंपादन नाही, मोबदला नाही. विधवा बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली. न्यायालयात सरकार म्हणालं, इतकी वर्षं ताबा आमचा, म्हणून मालकीही आमचीच! सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ठणकावलं, की कल्याणकारी राज्याला नागरिकाच्या जमिनीवर असा दावा सांगताच येणार नाही. उशीर झाला ही सबबही चालली नाही. ऐंशीच्या घरातल्या त्या बाईंना मोबदला द्यायला लावला.

२०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. आधी नोटीस द्या, म्हणणं ऐका, निर्णयाची कारणं सांगा, काम लोकांच्या उपयोगाचं आहे हे दाखवा, अशा सात गोष्टी त्या एका ओळीतून काढल्या. नुसते पैसे हातावर ठेवले म्हणजे कायदा पाळला, असं होत नाही.

आता ज्यांच्या बांधावर मोजणीच्या खुंट्या ठोकल्या जाताहेत, त्यांना कळकळीनं सांगते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन जात असेल आणि रक्कम कमी वाटत असेल, तर पैसे उचलताना "हरकत राखून स्वीकारले" असं लेखी द्या आणि पोच घ्या. मुकाट्यानं सही केलीत, तर वाढीव मोबदला मागायची वाट तिथंच बंद होते.

आजींचा सातबारा आम्ही पुन्हा काढला. पाटचारीखालच्या जमिनीवर अजून त्यांच्या सासऱ्यांचंच नाव आहे. नातू आता जुने फेरफार गोळा करतोय.