पारसिकच्या डोंगराचं वय

नमस्कार श्रोतेहो. कळव्याहून मुंब्र्याकडे जाताना लोकलच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो. पलीकडच्या उतारावर नवी मुंबई वसली आहे. आज मी तुम्हाला या डोंगराचं वय सांगणार आहे.

पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. एवढा आकडा मनात मावत नाही, म्हणून एक कोटी वर्षं म्हणजे एक वर्ष असं धरू. मग पृथ्वी आजी ४५४ वर्षांची. शंभरीच्या आसपास तिच्या अंगावर जीवसृष्टी आली, ती सूक्ष्म जिवाणूंच्या रूपात. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं सृष्टी बहुतांशी सूक्ष्मच राहिली. डायनासोर आले ते तिच्या ४३१व्या वर्षी. आणि पारसिकचा कातळ? तो जेमतेम साडेसहा वर्षांचा आहे. आपण माणसं तर गेल्या ११ दिवसांतली.

साडेसहा म्हणजे खरी साधारण साडेसहा कोटी वर्षं. तेव्हा भारत आशियाला जोडलेला नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज हिंदी महासागरात जिथे रियुनियन बेट आहे त्या भागावरून तो उत्तरेकडे सरकत होता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा पाण्यासारखा पसरला, थरावर थर. हे थर आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहेत. सह्याद्रीत काही ठिकाणी त्यांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. मेक्सिकोत अशनी आदळला, डायनासोर संपले, तोही याच काळात. डायनासोर संपण्यात अशनीचा वाटा किती आणि या लाव्हाचा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे.

मला मात्र लाव्हापेक्षा त्यातल्या विश्रांतीचं अप्रूप जास्त. माळशेज किंवा कसारा घाटात काळ्या थरांच्या मधे विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा भाग ऊनपावसानं कुजला, त्याची माती झाली, आणि पुढच्या लाव्हानं ती भाजून निघाली. काही ठिकाणी अशा उसंतीत तळीही साचली. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच एका तळ्याच्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले, १८४७ साली त्यांचं शास्त्रीय वर्णन झालं. एवढी आग पाहिलेल्या भूमीवर बेडूक परत डरावत होते!

आपल्या डोंगराची आणखी एक खूण आहे. सह्याद्रीत हे थर जवळजवळ आडवे असतात. कल्याण-पनवेल पट्ट्याच्या पश्चिमेला मात्र ते समुद्राकडे कललेले आहेत. हिंदी महासागरातली सेशेल्सची बेटं तेव्हा भारताला चिकटलेली होती. ती तुटून दूर गेली आणि आपला किनारा वाकला. म्हणजे पारसिकच्या थरांचा तिरकेपणा हा त्या ताटातुटीचा पुरावा.

हाच कातळ फोडून आपल्या इमारतींची खडी झाली. घरं हवीत, हे मान्यच. पण खाणींनी उघडे पाडलेले दोन-चार कडे तरी अभ्यासासाठी राखून ठेवावेत, त्यांच्यापाशी माहितीचे फलक लावावेत, असं मला फार वाटतं. शाळेच्या सहली लांबच्या किल्ल्यांवर जातात. एखादी इथेही यावी. शिक्षकांनी मुलांना एवढंच विचारावं: थर कोणत्या बाजूला कललाय?

नमस्कार.