जागा त्यांची, पंगत आपली

(ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या मराठी मंडळात गणेशोत्सवानंतरच्या स्नेहमेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

मंडळी, नमस्कार. कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झालाय, म्हणजे मंडळाची परंपरा शाबूत आहे.

गणपतीत आरतीआधी आपण ती दोन वाक्यं वाचली. ही भूमी इथल्या मूळनिवासी वुरुंजेरी वोई-वुरुंग लोकांची, त्यांच्या ज्येष्ठांना आमचा आदर, वगैरे. मोदक गार होताहेत अशा घाईत वाचली. पंगत बसली आणि सात वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, "जागा त्यांची आहे ना? मग ते जेवायला का नाही आले?" वाढणाऱ्याचा हात वरणावरच थांबला. कुणीतरी म्हणालं, "बाळा, भात घे."

भातानं तो प्रश्न मिटला नाही. इथं बसलेल्यांत आयटीवाले आहेत, केटरिंगवाले, चाइल्डकेअरवाले, सोलरवाले आहेत. सरकारी टेंडरात इंडिजिनस, म्हणजे मूळनिवासींच्या, सहभागाचा रकाना तुम्हाला भेटतोच. शुक्रवारी टेंडर भरायचं आणि गुरुवारी रात्री एखाद्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासींच्या, कंपनीला ईमेल करायचा, "तुमचं नाव घालू का?" पत्रिका छापून झाल्यावर मामाला मुहूर्त कळवण्यातला हा प्रकार. मामा रुसला तर दोष कुणाचा?

आधी जागा कुणाची ते नीट बघा. मेलबर्नमध्ये १ जुलै २०२१ पासून वुरुंजेरी आणि बुनुराँग या दोन मूळनिवासी समाजांमधली हद्द नव्यानं ठरली. शहराचा मध्यभाग, रिचमंड, हॉथॉर्न वुरुंजेरींकडे. सेंट किल्डा, कॉलफील्ड बुनुराँगांकडे. सेंट किल्डाच्या ऑफिसात वुरुंजेरींचं नाव घेणं म्हणजे पाटलाच्या वाड्यात देशमुखांचे आभार मानणं. आणि आपण वाचतो ते ॲक्नॉलेजमेंट, ते कुणीही करू शकतं. वेलकम टू कंट्री, म्हणजे पाहुण्यांच्या स्वागताचा विधी, मात्र त्या भूमीच्या माणसांनीच करायचं असतं. त्यासाठी त्या समाजाच्या संस्थेला, म्हणजे कॉर्पोरेशनला, सहा-आठ आठवडे आधी लिहा, मानधन आणि प्रवासखर्च स्वतःहून विचारा. भटजींच्या दक्षिणेवर आपण घासाघीस करत नाही, निदान तोंडावर तरी.

पुरवठादार शोधायचा तर मूळनिवासींच्या उद्योगांची नोंद ठेवणाऱ्या सप्लाय नेशन या संस्थेची यादी आहे. तिथं 'सर्टिफाइड' म्हणजे किमान ५१ टक्के मालकी त्यांची, शिवाय कारभार आणि ताबाही त्यांचाच. हे तपासायचं कारण ब्लॅक क्लॅडिंग. पाटीवर नाव त्यांचं आणि नफा भलत्याच्या खिशात. आपल्याला समजावायला नको, बेनामी हा शब्द आपण घरून घेऊनच आलोय.

काम देताना पहिला करार छोटा ठेवा. तीन जणांच्या फर्मकडे दोन कोटी डॉलरचा विमा मागितला की ती दारातूनच परत जाते. मग आपणच म्हणतो, "कोणी मिळतच नाही." बिल चौदा दिवसांत चुकतं करा, नव्वद दिवस लावलेत तर तुमच्या आदराच्या वाक्यावर त्यांचे पगार होत नाहीत. बैठक अचानक रद्द झाली आणि 'सॉरी बिझनेस' एवढाच निरोप आला तर समजा, कुणीतरी गेलंय. सुतकातल्या घरी आपण पर्चेस ऑर्डरसाठी फोन करतो का? गेलेल्या माणसाचं नाव आणि फोटो अनेक समाजांत दाखवत नाहीत, म्हणून वेबसाइटवरचे जुने व्हिडिओही विचारूनच ठेवा.

कागद बरोबर असला म्हणजे झालं, असं मानणाऱ्यांनी जूकन गॉर्ज आठवावं. मे २०२० मध्ये रिओ टिंटो या खाणकंपनीनं पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबारा भागातल्या या घळीतल्या, माणसाच्या ४६,००० वर्षांच्या वावराच्या खुणा असलेल्या गुहा सुरुंगानं उडवल्या. परवानगी २०१३ ची, कायदेशीर. परवानगीच्या पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, तिथं उत्खननात सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची केसांची वेणी सापडली. डीएनएवरून तिचं नातं आजच्या पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी जुळलं. पण दिलेली परवानगी पुन्हा तपासायची सोय त्या कायद्यात नव्हती. पुढे कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यासह तिघांना जावं लागलं. वेणी सापडल्यावरही परत विचारणं कुणाला जमलं नाही. एकदा 'हो' मिळालं की आपणही पुन्हा फोन करत नाही.

चित्रांचंही तेच. इंटरनेटवरचं ॲबोरिजिनल ठिपक्यांचं चित्र ब्रोशरवर चिकटवू नका. त्या नक्षीत कुणाच्या तरी भूमीची कथा असते, आणि ती कुणी रंगवायची हेही ठरलेलं असतं. चित्रकाराला पैसे द्या, वापर कुठे आणि किती वर्षं ते करारात लिहा, खाली नाव छापा. इंडोनेशियात बनवलेल्या वस्तू ॲबोरिजिनल म्हणून विकणाऱ्या बिरुबी आर्टला २०१९ मध्ये न्यायालयानं २३ लाख डॉलर दंड केला. आपण हसू नये. वारली आपण कुर्त्यावर, चहाच्या कपावर, गेल्या वर्षी मंडळाच्या बॅनरवरही छापली. पाड्यावर किती पैसे पोचले? खजिनदार खाली बघताहेत.

तर ती मुलगी. लग्नाची पहिली अक्षत ग्रामदेवतेला ठेवणारे आपण लोक, आणि आठशे पानं मांडताना त्यांच्यासाठी एकही मांडलं नाही. पुढच्या गणपतीचं आमंत्रण कार्यकारिणीनं फेब्रुवारीतच पाठवायचं, एवढं ठरलंय. ते सोपं आहे.

अवघड त्याआधीच येतंय. २६ जानेवारीला सकाळी आपण प्रजासत्ताक दिनाचा झेंडा लावतो, जिलेबी वाटतो. ब्रिटिशांच्या आगमनाचा हा दिवस इथं ऑस्ट्रेलिया डे म्हणून साजरा होतो, पण याच तारखेला १९३८ मध्ये सिडनीत ॲबोरिजिनल लोकांनी शोकदिन पाळला, आणि कितीतरी जण अजून पाळतात. त्या दिवशी ती पुन्हा विचारेल, "त्यांना बोलावलंय का?" बोलवायचं का, आणि आले तर जिलेबी पुढे करायची का, यावर कार्यकारिणीत दोन बैठका झाल्या. तिसरी गुरुवारी आहे.