डायलवर ज्यांचं नाव नसतं

(ल लॉक्ल, ड्रोनमधून. छपरांवर बर्फ. मग हळूहळू खाली एका इमारतीच्या भिंतीवर.)

खिडक्या बघा. एका इमारतीला इतक्या खिडक्या, आणि त्याही अशा ठिकाणी जिथे वर्षातले कितीतरी महिने बर्फ असतो आणि प्रत्येक फटीतून थंडी आत शिरते. पण इथल्या माणसाला थंडीपेक्षा उजेडाची काळजी जास्त होती. विजेचे दिवे यायच्या आधी केसाएवढी बारीक दांडी पॉलिश करायची तर टेबल खिडकीला चिकटवूनच बसावं लागायचं, एक टेबल म्हणजे एक खिडकी, म्हणून मग प्रत्येक मजल्यावर अशा रांगाच्या रांगा.

हे ल लॉक्ल. स्वित्झर्लंडच्या पश्चिमेला, फ्रान्सच्या सीमेला अगदी लागून, जुरा डोंगरातलं छोटंसं गाव. बाजूला थोड्या किलोमीटरवर त्याचं मोठं भावंड, ला शो द फों. जुनी स्विस घड्याळं म्हटलं की आपल्याकडे लगेच सोनं, हिरे, लिलाव आणि कोटींचे आकडे सुरू होतात. या फिल्ममध्ये त्यातलं काहीच दिसणार नाहीये. इथे दिसतील ती माणसं आणि त्यांची हत्यारं, कारण ज्याला आपण स्विस वारसा म्हणतो तो या लोकांनी बनवला आणि एकदा तर मालकांच्या नाकावर टिच्चून वाचवला, आणि डायलवर मात्र त्यांचं नाव कधीच आलं नाही.

(पुतळा. आधी हात, मग चेहरा.)

हा दान्येल जाँरिशार. गावात गोष्ट सांगतात ती अशी की १६७९च्या सुमाराला एक घोड्यांचा व्यापारी इथून चालला होता, त्याचं परदेशातून आणलेलं घड्याळ वाटेत बंद पडलं, आणि या भागात घड्याळ दुरुस्त करणारं कोणीच नाही म्हणून त्याने ते हत्यारांचा नाद असलेल्या एका कोवळ्या पोराच्या हातात दिलं. पोराने ते उघडलं, चालू केलं, आणि मग तसंच एक स्वतः बनवायला घेतलं, त्यासाठी लागणारी हत्यारंसुद्धा आधी स्वतःच बनवली. गोष्ट आहे, दंतकथा आहे. पण जाँरिशार खरा, तो पुढे ल लॉक्लला येऊन राहिला, पोरांना हे काम शिकवलं आणि १७४१ला वारला हेही खरं. पुतळा १८८८चा. भर गावात राजाचा नाही, सेनापतीचा नाही, घड्याळ बनवणाऱ्याचा पुतळा.

जिनिव्हाचं वेगळं. तिथे काल्व्हिन नावाच्या धर्मसुधारकाच्या काळात दागिन्यांवर बंधनं आली, सोनार घड्याळांकडे वळले, फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंट कारागिरांची भर पडली, आणि १६०१ला तिथे घड्याळवाल्यांची संघटनासुद्धा झाली. संघटना म्हणजे नियम आले, कोणाला आत घ्यायचं कोणाला नाही हे आलं. जुरामध्ये असलं काही नव्हतं. ज्याला जमेल त्याने करावं.

(जुनं शेतघर. खाली गोठा, वर खोली, खिडकीपाशी टेबल.)

आणि जमलं कोणाला, तर शेतकऱ्यांना. एवढ्या उंचीवर शेती म्हणजे गवत आणि गाई, आणि हिवाळ्यात तेही नाही, मग खाली गोठ्यात जनावरं आणि वर खिडकीपाशी अख्खं कुटुंब कामाला. एका घरात फक्त स्क्रू, दुसऱ्या घरात फक्त चाकं, तिसऱ्यात काटे, कुठे डायल, कुठे केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची डबी. कामं देणारा व्यापारी घरोघरी फिरून माल गोळा करायचा आणि सगळं जोडून घड्याळ व्हायचं. या टेबलावर बायकाही बसायच्या, हे आपण विसरतो. हेअरस्प्रिंग, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, बसवून ती चाल बरोबर करायचं काम, म्हणजे सगळ्यात नाजूक काम, इथे पुढे बहुतेक बायकांच्याच हातात होतं. फॅक्टरीतल्या जुन्या फोटोंमध्ये त्या ओळीने बसलेल्या दिसतात, मान खाली, डोळ्याला भिंग.

(ला शो द फों, वरून. सरळ रस्ते.)

हे सरळ आखलेले रस्ते आगीमुळे आले. १७९४ला ला शो द फों जवळजवळ पूर्ण जळालं. परत बांधताना, आणि १९व्या शतकात वाढवताना, समांतर रस्ते काढले, दोन ओळींच्या मधे बाग किंवा अंगण ठेवलं, म्हणजे पुढच्या घराची सावली मागच्या टेबलावर पडू नये. राहायचं आणि कारखाना एकाच छताखाली. कार्ल मार्क्सने 'कॅपिटल'मध्ये या गावाबद्दल लिहिलंय की हे अख्खं गावच घड्याळांचा एक कारखाना म्हणायला हवं. २००९ला युनेस्कोने ही दोन्ही गावं मिळून जागतिक वारसा यादीत घेतली ती या आखणीसाठीच. चंदीगड आखणारा ल कॉर्बुझिए ला शो द फोंमध्येच १८८७ला जन्मला, वडील घड्याळांच्या डायलवर मीनाकाम करायचे आणि तो स्वतःही आधी घड्याळाच्या केसवर नक्षी कोरायला शिकला होता. हे कळल्यापासून मला चंदीगडचा नकाशा वेगळाच दिसायला लागलाय.

अजून एक, कारण हे फार कमी सांगितलं जातं. १८७२ला रशियातून क्रोपोत्किन नावाचा एक सरदार घराण्यातला तरुण या डोंगरात आला, घड्याळ कामगारांमध्ये काही दिवस राहिला आणि अराजकतावादी, म्हणजे डोक्यावर सरकारची सत्ताच नको म्हणणारा, होऊनच बाहेर पडला, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. त्याला या लोकांची मोकळी बुद्धी आवडली, कोणी नेता सांगतो म्हणून मान डोलवत नाहीत हे आवडलं. छोटी वर्कशॉप, यंत्रांचा खडखडाट नाही, हात चालू आणि तोंडही चालू, दिवसभर राजकारणावर चर्चा. त्याच वर्षी शेजारच्या सँ-इमियेमध्ये अराजकतावाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषदही भरली.

(मुंबई. टेबल लॅम्प, जुनं पॉकेट वॉच, हात.)

सँ-इमिये हे नाव लक्षात ठेवा, कारण हे टेबलावरचं घड्याळ त्याच बाजूचं. डायलवर वेस्ट एंड वॉच कंपनी, आणि खाली बॉम्बे. ही स्विस कंपनीच, पण धंदा सगळा हिंदुस्थानातला, रेल्वेवाले आणि लष्करातले लोक ही घड्याळं वापरायचे. त्याच्याही आधी फाव्र ल्यूबा, ज्याला आपल्याकडे सगळे फेवर ल्युबा म्हणतात. ती कंपनी आपला इतिहास १७३७च्या अब्राहम फाव्रपर्यंत नेते, तोही ल लॉक्लचाच, आणि १८६०च्या दशकात त्यांची माणसं मुंबईत येऊन पोचली होती. किती घरांत आजोबांचं म्हणून एखादं फेवर ल्युबा अजून कपाटात असतं.

आता उघडूया. मागचं झाकण निघालं की लगेच मशीन बघू नका, आधी झाकणाची आतली बाजू बघा.

(झाकण, एकदम जवळून. उजेड तिरका.)

या खरवडलेल्या रेघा दिसतायत? आकडे, एखादं अक्षर, परत आकडे, काही एकमेकांवर गेलेले. घड्याळ दुरुस्तीला आलं की घड्याळजी टोकदार सुईने इथे आपली खूण आणि तारीख टाकायचा, म्हणजे परत आलं तर कळावं की कोणी आणि कधी उघडलं होतं. गिऱ्हाईकाला हे कधीच दिसत नाही. एखादा व्यापारी घड्याळ विकताना झाकण आतून पॉलिश करून हे सगळं घालवून टाकतो, वर डायलही नवीन रंगवून घेतो, आणि मग ते चकचकीत दिसतं आणि त्याचा सगळा इतिहास गेलेला असतो. याचा मला खरंच त्रास होतो. डायलवर डाग असूद्या. मशीन धुवा, तेल द्या, पण डायल रंगवू नका आणि झाकणाला हात लावू नका.

काम कसं चालतं बघा. आधी मेन स्प्रिंग, म्हणजे चावी दिल्यावर जोर साठवणारी मोठी स्प्रिंग, तिच्यातला सगळा जोर हळूहळू उतरवायचा, नाहीतर पुढचा स्क्रू काढल्यावर चाकं सुसाट फिरून दात मोडतात. मग बॅलन्स व्हील, घड्याळ चालू असताना डावी-उजवीकडे झुलतं ते. याच्या पोटात हेअरस्प्रिंग, डासांच्या कॉइलसारखी चपटी गुंडाळलेली, पण इतकी बारीक की चिमट्याचा चुकीचा एक धक्का लागला तरी आकार बिघडतो. अशा जुन्या मशीनमध्ये बॅलन्स साधारण सेकंदाला पाच ठोके देतं, तासाला १८,०००, दिवसाला ४ लाख ३२ हजार. आणि हे लाल दिसतायत ते माणिक. दागिना म्हणून नाहीत, पोलादी दांडी धातूत फिरली तर भोक झिजून मोठं होतं, माणकात झिजत नाही. दांडी ज्यात फिरते त्या माणकाला वरून एक छोटा खोलगट वाडगा घासलेला असतो, त्यात तेल थांबतं. सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल, थोडं जास्त झालं की ते थांबत नाही, पसरून निघून जातं आणि मग दांडी कोरडीच फिरते.

(निळे स्क्रू.)

हा निळा रंग लावलेला नाहीये. पॉलिश केलेलं पोलाद तापवत गेलं की आधी पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळट, आणि ३०० अंशांच्या आसपास हा निळा येतो, त्याच क्षणी बाजूला घ्यायचं, एखाददोन सेकंद उशीर झाला की राखाडी. कडांना पॉलिश करायला जुरामध्ये अजूनही जेन्शन नावाच्या डोंगरी झाडाची काडी वापरतात, गाई चरतात त्याच कुरणातली. म्हणजे शेतकऱ्याने जे दाराबाहेर उगवत होतं तेच उचललं.

हेअरस्प्रिंगची गोम अशी की उन्हाळ्यात ती नरम पडते आणि घड्याळ मागे पडायला लागतं. यावर खरा उपाय काढला शार्ल एदुआर ग्योमने, जुरामधल्याच फ्लरिये गावचा, घरचे घड्याळवालेच. त्याने निकेल आणि पोलादाचे असे मिश्रधातू काढले की तापमान बदललं तरी फारसा फरक पडत नाही, आणि १९२०चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला या कामासाठी मिळालं. आपण आईनस्टाईन आईनस्टाईन करतो, त्याच्या आदल्या वर्षीचं नोबेल घड्याळवाल्याच्या पोराला होतं.

(झेनिथची फॅक्टरी. जिना. लाकडी पायऱ्या.)

आता वर जाऊया. ही झेनिथ, ल लॉक्लमध्ये १८६५ला सुरू झालेली घड्याळ कंपनी. १० जानेवारी १९६९ला यांनी एल प्रिमेरो जाहीर केलं, ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं आणि हातात घालूनच चावी बसणारं, आणि तासाला ३६,००० ठोके, आत्ता टेबलावर पाहिलेल्या मशीनच्या दुप्पट. त्यामुळे सेकंदाचा दहावा भाग मोजता येतो. आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला जपानच्या सेकोने क्वार्ट्झचं, म्हणजे सेलवर चालणारं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. यातली वाईट वाटणारी गोष्ट म्हणजे क्वार्ट्झच्या मनगटी घड्याळाचा नमुना १९६७ला याच भागात, नशातेलच्या प्रयोगशाळेत तयार झाला होता.

१९७१ला झेनिथ शिकागोच्या एका रेडिओ कंपनीकडे गेली. १९७५ला तिकडून हुकूम आला, चावीची घड्याळं बंद, यापुढे फक्त क्वार्ट्झ, आणि हत्यारं, साचे, प्रेस सगळं भंगारात वजनावर विकून टाका.

(पोटमाळा. फळ्या, खोकी, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या. हा शॉट लांब ठेवायचा.)

शार्ल व्हेर्मो तिथे क्रोनोग्राफच्या कामावर होता. त्याने आधी वरच्यांना लिहून विनवलं की एवढं तरी ठेवा, मशीन परत लागेल. उत्तर नाही आलं. मग त्याने स्वतःच ठरवलं. काम संपल्यावर, कोणाच्या नजरेत न येता, एकेक गोष्ट उचलून या जिन्याने वर आणायची. साचे, कॅम, कटर, आणि १५०च्या आसपास प्रेस, ज्यातला एकेक उचलून बघा म्हणजे कळेल काय वजन असतं. नुसतं लपवलं नाही, प्रत्येक गोष्टीवर चिठ्ठी लावली आणि वहीत लिहून ठेवलं की कुठलं हत्यार कशाला, कुठल्या क्रमाने, कसं वापरायचं. मला ती वही हत्यारांपेक्षाही मोठी वाटते. हत्यार परत बनवता येतं हो, पैसे लागतात, वेळ लागतो, पण ज्या माणसाला ते कसं चालवायचं हे माहितीये तो घरी गेला की संपलं. व्हेर्मोने स्वतःचं डोकंच त्या पानांवर उतरवून ठेवलं. पकडला गेला असता तर नोकरी गेली असती, आणि काही वर्षं हे सगळं इथे धूळ खात पडलं होतं आणि खाली कोणाला पत्ता नव्हता.

१९७८ला कंपनी परत स्विस मालकांकडे आली. १९८०च्या दशकात चावीच्या क्रोनोग्राफला मागणी यायला लागली, आणि तेव्हा व्हेर्मोने सांगितलं की वर चला, दाखवतो. या फळ्यांवरून हत्यारं उतरली, वही उघडली आणि एल प्रिमेरो पुन्हा सुरू झालं. १९८८ला रोलेक्सने आपल्या डेटोना नावाच्या क्रोनोग्राफसाठी हेच मशीन घेतलं, ठोके कमी करून, स्वतःचे बदल करून, आणि २०००पर्यंत वापरलं.

बाकीच्यांचं काय झालं ते एका ओळीत सांगतो, १९७०ला स्विस घड्याळ उद्योगात सुमारे ९०,००० लोक होते, पुढच्या पंधराएक वर्षांत ३०,०००च्या आसपास उरले.

(डेटोनाचं डायल. मग पोटमाळ्यावरची चिठ्ठी. मग श्रेयनामावली.)

त्या काळातल्या डेटोनाला आज लोक किती पैसे मोजतात ते तुम्ही शोधून बघा. डायलवर रोलेक्स लिहिलेलं असतं. म्हणून आपल्या श्रेयनामावलीत पहिलं नाव, दिग्दर्शकाच्याही आधी, शार्ल व्हेर्मो, क्रोनोग्राफ विभाग, ल लॉक्ल.