शेवटचे सात मिलिमीटर

[दृश्य: सकाळ, शटर वर जातं]

बेळगावहून खानापूरकडे निघालं की उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत लागते. दारावरची पाटी कन्नड, आतलं बोलणं मराठी आणि टेबलावर पसरलेलं ड्रॉइंग इंग्रजी.

आजचा जॉब बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, हाउसिंग; यंत्राचं बाहेरचं कवच. त्यात एम-12 चे, म्हणजे 12 मिलिमीटर व्यासाच्या बोल्टचे, आटे पाडायचेत. 10.2 मिलिमीटरचं ड्रिल मारून झालंय.

[दृश्य: टॅपवरचे हात, जवळून]

हा आवाज ऐका. कारागीर मामांनी टॅप, म्हणजे आटे कापायचं हत्यार, पुढे फिरवला आणि आता अर्धा फेरा मागे घेतला. बीडाचा भुसा मोकळा झाला, पुन्हा पुढे. मामा टॅपकडे बघतही नाहीत. अडलं की मनगटाला आधी कळतं.

ड्रॉइंगवर लिहिलंय: भोक 25 मिलिमीटर खोल, आटे तळापर्यंत. कागदावर ही रेघ सहज ओढता येते. पण टॅपचं टोक बघा. पुढचे दात निमुळते आहेत, ते पुरा आटा पाडतच नाहीत. शिवाय भुसा खाली साठतो. तळ गाठायचा तर आधी निमुळता टॅप, मग मधला, मग तळाचा. एका भोकाला तीन टॅप, आणि शेवटच्या फेऱ्याला श्वास रोखायचा.

एवढ्या खोल आट्यांची गरज असते का? नसते. बोल्ट आवळला की सगळे आटे भार सारखा वाटून घेत नाहीत. तोंडाजवळचा पहिला आटाच साधारण एक तृतीयांश पेलतो, पुढचा त्याहून कमी, आणि खोलातल्या आट्यांपर्यंत फारसं काही पोचत नाही. म्हणून पोलादात बोल्टच्या व्यासाइतकी पकड धरतात, बीडात साधारण दीडपट, अ‍ॅल्युमिनियममध्ये दुप्पट. 12 चे दीडपट 18. तेवढ्यात बोल्ट तुटेल, पण आटे जाणार नाहीत. आणि बोल्ट बदलता येतो, हाउसिंग नाही.

म्हणजे भोक 25 चंच ठेवा, आटे 18 पर्यंत पाडा. खालचे 7 मिलिमीटर भुशाला आणि टॅपच्या टोकाला. पावणेदोनच्या पिचने, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराने, चार आटे होतात ते.

[दृश्य: भोकाच्या तोंडावर चॅम्फर]

हा चॅम्फर, म्हणजे भोकाच्या तोंडाची तिरपी कड, हाही ड्रॉइंगवर नव्हता. मामा तो स्वतःहून मारतात. नाहीतर पहिला आटा तोंडाशी वर उचलला जातो आणि जोडाचे दोन भाग एकमेकांवर सपाट बसत नाहीत.

[दृश्य: रोलिंग मशीन, दोन डायमध्ये स्टड]

स्टडचे, म्हणजे बिनडोक्याच्या बोल्टचे, आटे मात्र इथे कापत नाहीत, दाबून लाटतात. धातूचे तंतू तुटत नाहीत, आट्याच्या वळणाने वळतात. आट्याचा तळ दाबून घट्ट होतो, आणि थरथर सोसताना चीर सुरू होते ती याच तळाशी. वर कीसही पडत नाही. मजबुती आणि सोपं काम एकाच फेऱ्यात.

[दृश्य: भोकात मोडलेला टॅप]

तळ गाठायच्या नादात टॅप मोडला, तर जॉब भंगारातही जाऊ शकतो.

[दृश्य: ड्रॉइंगवर पेन्सिल]

शिकाऊ पोरगा विचारतो, "मामा, हे ड्रॉइंगवाल्या साहेबांना सांगायचं कुणी?" मामा 'तळापर्यंत' खोडून 18 लिहितात आणि कागद त्याच्याच हातात देतात.

[दृश्य: बोल्ट दोन बोटांनी फिरत आत जातो, टेकतो]