सावलीतले 45 अंश

श्रोतेहो, नमस्कार.

ऐन उन्हाळ्यात संध्याकाळच्या बातम्यांत आपण ऐकतो, नागपूरचं आजचं कमाल तापमान 45 अंश. हा आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर ठेवलेला असतो. ऊन लागतं ते रस्त्यावरच्या माणसाला. वरून सूर्य, खालून डांबर, बाजूनं तापलेल्या भिंती. भर दुपारी डांबर 60 अंशांच्या घरात जातं. हातगाडीवर भाजी विकणाऱ्या बाईच्या वाट्याला बातम्यांतल्यापेक्षा कितीतरी कडक उन्हाळा येतो. तिला निदान ते 45 अंश तरी मिळावेत, म्हणून डोक्यावर झाड लागतं.

मे महिन्यातला कुठलाही सिग्नल बघा. दुचाकीवाले पांढऱ्या पट्टीपर्यंत जातच नाहीत. अलीकडे कडुनिंब असेल, तर त्याच्या सावलीत दाटीवाटीनं थांबतात. बसथांब्यावर झाड नसेल, तर माणसं विजेच्या खांबाच्या अरुंद सावलीत एकामागे एक उभी राहतात. पानठेला, पंक्चरवाला, चपला शिवणारे काका, पाणपोई, सगळे झाड बघूनच बसतात आणि सावली सरकली की आपला पाट-स्टूलही सरकवतात. मोठी उद्यानं हवीतच. पण ज्यांचं पोट रस्त्यावर आहे, त्यांच्या दुपारच्या कामाचं झाड रस्त्याकडेलाच असावं लागतं.

सावली हे झाडाचं अर्धं काम. उरलेलं पानं करतात. आपल्या घरचा कूलर कसा चालतो? ओल्या वाळ्यातलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता लागते. झाड मुळांनी पाणी वर ओढतं, पानांच्या बारीक छिद्रांतून त्याची वाफ करतं आणि तीच उष्णता हवेतून काढून घेतं. विदर्भाच्या कोरड्या हवेत याचा गुण चांगला येतो; कोकणच्या दमट हवेत भर सावलीवरच राहतो. कडुनिंब आणि करंज थंडी सरताना पानं गाळतात आणि ऊन तापू लागायच्या सुमारास नव्या पालवीनं भरून येतात. नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या झाडीतून दुपारी गेलेल्या कुणालाही हा फरक सांगावा लागत नाही.

रात्रीचंही ऐका. दिवसभर ऊन प्यालेला सिमेंटचा रस्ता आणि घराची भिंत रात्री उशिरापर्यंत ती धग बाहेर टाकत राहतात. शरीराला विसावा मिळत नाही, म्हातारी माणसं आणि लहान मुलं हैराण होतात. ज्या भिंतीवर दिवसा झाडाची सावली पडते, ती मुळात तापतेच कमी.

आता मला ज्याची काळजी वाटते, ते सांगतो. पानांतून वाफ व्हायची तर मुळांना पाणी मिळायला हवं. पाणी कमी पडलं की झाड पानांची छिद्रं मिटून घेतं आणि गारवा आटतो. आणि आपण काय करतो? रस्ता नवा होतो, फूटपाथवर पेव्हर ब्लॉक बसतात आणि सिमेंट थेट बुंध्याला भिडवतात. पावसाचं पाणी आत जात नाही, मुळांना हवा मिळत नाही. खोदकामात एका बाजूची मुळं तोडली जातात, तारांसाठी दुसऱ्या बाजूच्या फांद्या उडवल्या जातात. मग मृगाच्या आधीच्या वादळात ते झाड आडवं होतं आणि आपण म्हणतो, झाड धोकादायकच होतं! मला हे ऐकवत नाही. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 साली दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला, की बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. आपल्या गल्लीतही एवढी माती सुटली पाहिजे.

महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी 1975 पासून कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानलं आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी रोपं लावायची अट घातली. अट चांगलीच आहे. पण पन्नास रोपं मिळून आज दुपारी एका म्हातारीलाही सावली देऊ शकत नाहीत, म्हणून उभं झाड वाचवणं पहिलं.

तुमच्या रस्त्याचं काम निघालं, तर ब्लॉक बसायच्या आधीच मुकादमाला गाठा आणि झाडापुरती जागा मोकळी ठेवायला लावा. एकदा सिमेंट पडलं की फोडायला कुणी येत नाही. नवं झाड लावायचं असेल तर मृगाचा पाऊस नीट लागू द्या. रुंद रस्त्यावर कडुनिंब, करंज लावा. वर तारा असतील तर कांचनासारखं बेताचं झाड निवडा. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्या. आणि खोड जाड होऊ लागलं की लोखंडी पिंजरा काढून टाका, नाहीतर त्याच्या पट्ट्या सालीत रुततात.

नमस्कार.