ब्राह्मी, हळद, वेखंड आणि मेंदूतल्या नव्या पेशी

आजचा विषय तसा सरळ आहे. मोठ्या माणसाच्या मेंदूत नवीन पेशी तयार होतात का, आणि होत असतील तर त्याला एखादी वनस्पती हातभार लावते का, म्हणजे ब्राह्मी, हळद, अश्वगंधा, वेखंड ही सगळी मंडळी. मला माहितीय इथं आलेले निम्मे लोक शेवटी 'सर, मग नक्की कुठली गोळी घेऊ' हे विचारायलाच आलेत, आणि दहावी-बारावीच्या पोरांना घेऊन आलेले पालकपण दिसायलेत मला. थांबा जरा, तिथपर्यंत जाऊया, पण आधी थोडं मागनं यायला लागतंय.

आम्ही शिकत होतो तेव्हा पुस्तकात एकच वाक्य असायचं, की मेंदूच्या पेशी जन्माला येताना मिळतात तेवढ्याच, नंतर फक्त कमी होत जातात. हे मत मुळात स्पेनच्या रामोन इ काहाल यांच्यापासून चालत आलेलं, मेंदूची रचना मायक्रोस्कोपखाली बघून चितारणारा एवढा मोठा माणूस, नोबेलवाला, त्यांनी लिहिल्यावर पुढं कोण बोलणार. मग 1962 मध्ये अमेरिकेत एमआयटीला जोसेफ आल्टमन यांनी छापलं की मोठ्या उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी दिसतायत, 1965 ला गोपाळ दास या सहकाऱ्याबरोबर हिप्पोकॅम्पसचं काम छापलं. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानाच्या रेषेत आत दोन्ही बाजूला असतो तो भाग, आठवण पक्की करणारा. आणि झालं काय, तर कुणी फारसं लक्षच दिलं नाही. वीस-पंचवीस वर्षं विषय तसाच पडून. नंतर फर्नांडो नॉटेबॉम यांनी कॅनरी पक्ष्यांवर काम केलं, गाणारे पक्षी, त्यांच्या मेंदूत मोठेपणीसुद्धा नव्या पेशी येतात हे दाखवलं, तेव्हा कुठं लोक जागे झाले.

माणसाचं काय? इथं खरी गंमत आहे आणि सगळं भाषण या एका गोष्टीवर उभं आहे, त्यामुळं जरा नीट ऐका. नवीन पेशी मोजायची कशी? उंदराला ब्रोमोडिऑक्सीयुरिडीन नावाचा पदार्थ टोचतात, पेशी विभागताना नवीन डीएनए बनवते त्यात तो जाऊन बसतो, मग काही आठवड्यांनी उंदीर मारायचा, मेंदूचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि मायक्रोस्कोपखाली मोजायचं. हे माणसाला कसं करणार? पण 1998 मध्ये स्वीडनचे पीटर एरिक्सन आणि अमेरिकेतले फ्रेड गेज यांनी वाट काढली. काही कॅन्सर पेशंटना हाच पदार्थ गाठीची वाढ तपासायला दिलेला होता, त्यातले पाच जण वारल्यावर परवानगीनं त्यांचे मेंदू तपासले, आणि हिप्पोकॅम्पसमध्ये खूण झालेल्या नव्या पेशी सापडल्या. मग 2013 ला स्वीडनमध्येच योनास फ्रिसेन यांच्या टीमनं त्याहून भारी डोकं चालवलं. 1963 च्या करारापर्यंत अमेरिका-रशियानं उघड्यावर अणुबॉम्ब फोडले, त्यामुळं हवेत कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, वाढला, तो अन्नातनं माणसात आला, आणि ज्या वर्षी पेशी जन्मली त्या वर्षीचा कार्बन तिच्या डीएनएत अडकला. त्यावरनं पेशींचं वय काढलं, आणि हिशोब आला की प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसाला साधारण 700 नवीन पेशी.

आता तुम्हाला वाटेल मिटलं. नाही मिटलं. 2018 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमनं सांगितलं की आम्हाला प्रौढांच्या नमुन्यांत एकसुद्धा नवी पेशी सापडली नाही, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या टीमनं सांगितलं की 79 वर्षांपर्यंत सापडतात. 2019 ला माद्रिदच्या टीमनं दाखवलं की मृत्यूनंतर मेंदू किती तास रसायनात बुडवून ठेवला यावरसुद्धा खूण दिसणार की पुसली जाणार हे ठरतं, आणि अल्झायमरच्या पेशंटमध्ये या पेशी कमी होतात. भांडण पूर्ण संपलेलं नाही, माझा कल 'होतात' याच बाजूला आहे. पण एक गोष्ट बघा, या सगळ्यात मेंदू बाहेर काढून, काप करून मोजायला लागलाय. जिवंत माणसाच्या मेंदूत नवीन पेशी मोजायची सगळ्यांना मान्य अशी पद्धत आजच्या घडीला नाही. मग कुठल्यातरी डबीवर 'मेंदूत नवीन पेशी निर्माण करते' असं छापलेलं असेल तर त्यानं त्या मोजल्या कुठं? उंदरात. नाहीतर काचेच्या ताटलीत. तिसरी जागाच नाही. जास्तीत जास्त माणसाच्या रक्तातलं बीडीएनएफ मोजतात, म्हणजे पेशींना वाढायला मदत करणारं प्रोटीन, आणि रक्तातलं बरंचसं बीडीएनएफ तर प्लेटलेटमधनं आलेलं असतं, त्यावरनं मेंदूत काय चाललंय हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

हे डोक्यात ठेवून आता हळदीकडं येऊ, कारण सांगलीची हळद आपल्या उंबऱ्यावरची, 2018 ला जीआय मानांकन मिळालेलं, हळद साठवायची हरिपूरची जमिनीतली पेवं ज्यांनी बघितलीत त्यांना मी काय सांगू. हळदीत कुरकुमिन असतं, वजनाच्या साधारण 3 टक्के धरा. 2008 मध्ये एक काम आलं की कुरकुमिन कमी प्रमाणात दिलं तर मेंदूच्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात त्या, जास्त विभागतात आणि उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी वाढतात. पण त्याच कामात होतं की प्रमाण वाढवलं तर त्याच पेशी मरतात! हा अर्धा भाग जाहिरातीत कधी येत नाही. 2014 ला जर्मनीतनं आणखी एक आलं, हळदीच्याच तेलातलं टर्मेरोन, त्यानं उंदरात मूळपेशी वाढल्या, पेपरात हेडलाईन आल्या की हळदीनं मेंदू दुरुस्त होतो वगैरे. अहो, ते टर्मेरोन त्यांनी उंदराच्या मेंदूत थेट इंजेक्शननं सोडलं होतं. आमटीतनं नाही.

आणि आमटीतनं जातं तरी किती? एक चमचा हळद म्हणजे 3 ग्रॅम, त्यात कुरकुमिन 90 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेही आतड्यातनं नीट शोषलं जात नाही, जे जातं त्यावर लिव्हर लगेच प्रक्रिया करून बाहेर काढतं. 1998 मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या लोकांनी 2 ग्रॅम कुरकुमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पायपरीन दिलं, म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक, तर रक्तातली उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढली. तेव्हापासून प्रत्येक कॅप्सूलमध्ये मिरी. पण मिरी हे करते कशी, तर औषधं मोडणाऱ्या लिव्हरच्या एन्झाइमला अडवून. म्हणजे ती फक्त कुरकुमिनच नाही, तुमची बाकीची औषधंपण रक्तात वाढवू शकते. फिटसाठी फेनिटॉइन घेणाऱ्या लोकांत पायपरीननं त्याची पातळी वाढलेली मोजलीय. आणि जास्त शोषलं जाणाऱ्या हळदीच्या सप्लिमेंटनं लिव्हरला सूज आलेल्या केसेस इटली, अमेरिकेत नोंदल्या गेल्यात. जेवणातली हळद वेगळी, ती खावा बिनधास्त, मी कॅप्सूलबद्दल बोलतोय.

माणसांवर काही झालंय का? झालंय थोडं. अमेरिकेत अल्झायमरच्या पेशंटना 24 आठवडे कुरकुमिन दिलं, फरक पडला नाही. 2018 ला लॉस एंजेलिसमध्ये 40 जणांवर दीड वर्ष चाललेल्या ट्रायलमध्ये, चांगलं शोषलं जाणारं कुरकुमिन देऊन, स्मरणाच्या चाचण्यांत सुधारणा दिसली. चाळीस माणसं. आशा वाटावी एवढं आहे, दुकान थाटावं एवढं नाही.

आता ब्राह्मी. आपल्या कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात जाऊन ब्राह्मी मागा, कधी एक मिळेल कधी दुसरी. एक बॅकोपा, जाडसर पण लहान पानाची, पाणथळ जागेत पसरणारी, पांढरट जांभळी फुलं. दुसरी मंडूकपर्णी, सेंटेला, गोल किडनीसारखं पान, आपल्याकडं आजरा-चंदगड-गगनबावड्याकडं भाताच्या बांधावर भरपूर. दोन्हीची घराणी वेगळी, आतली रसायनं वेगळी, बॅकोपात बॅकोसाइड आणि सेंटेलात एशियाटिकोसाइड. एकीवरचा अभ्यास दाखवून दुसरी विकायची हे सर्रास चालतं.

सेंटेलावर मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजमध्ये चांगलं काम झालंय, उंदरांना ताज्या पानांचा रस पाजला आणि हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या वाढलेल्या दिसल्या. फांद्या म्हणतोय मी, पेशी नाही. इथं ऊसवाले बसलेत म्हणून त्यांच्याच भाषेत सांगतो, नवीन पेशी म्हणजे नवी लावण, आणि हे जे मणिपालला दिसलं ते म्हणजे आहे त्या बेटाला फुटवे जास्त आले. दोन्ही चांगलंच, उतारा फुटव्यांनीपण वाढतो, पण लेबलवर लावण लिहून फुटवे दाखवू नयेत एवढंच. बॅकोपावर माणसांचे ट्रायल आहेत, 2001 मध्ये ऑस्ट्रेलियात 46 निरोगी लोकांत रोज 300 मिलिग्रॅम अर्क दिला, पाच आठवड्यांनी काही विशेष नाही, 12 आठवड्यांनी शिकण्याच्या वेगात फरक. म्हणजे पालकांनो, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाटली आणून काही होत नसतं, झाली तर पोराला मळमळ आणि पोटात कळा, कारण बॅकोपाचे नेहमीचे साइड इफेक्ट तेच आहेत, मग पेपर राहिला बाजूला.

वेखंडावर मला जास्त बोलायचंय कारण ते आपल्या घराघरात आहे. बाळाच्या गुटीत, हळकुंड, बाळहिरडा, जायफळाबरोबर सहाणेवर वेखंडाचे वळसे. वाचा लवकर फुटते, बुद्धी वाढते म्हणून. वेखंडात बीटा-असारोन असतं, आणि हेच असारोन उंदराच्या मेंदूत नव्या पेशी वाढवतं असं संशोधन खरोखर झालेलं आहे, चीनकडच्या वेखंडाच्या भावकीतल्या वनस्पतीवर. आता आजीबाई खूश होतील. पण हेच बीटा-असारोन जास्त असलेलं तेल, आणि ते तेल कुठलं तर आपल्या जम्मूच्या वेखंडाचं, उंदरांना बराच काळ खाऊ घातलं तेव्हा त्यांच्या आतड्यात गाठी झाल्या, आणि 1968 ला अमेरिकेनं खाण्याच्या पदार्थांत वेखंड बंद केलं. अमेरिकेत उगवणाऱ्या वेखंडात हे असारोन जवळजवळ नसतं, आपल्या जातीत भरपूर. पेशींना विभागायला लावणारी गोष्ट कुठं थांबेल हे आधी बघायला लागतं, मेंदूच्या बाबतीत सगळे उत्साहात हे विसरतात. आजीनं उगाळलेलं चिमूटभर आणि उंदराला दिलेला डोस यात फरक आहेच, मी कुणाला घाबरवत नाही, पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूध सोडून काही नको हे बालरोगतज्ज्ञ ओरडून सांगतात ते ऐका. बाहेरून कपाळाला लावायचं ते ज्याचं त्यानं बघावं.

जिन्कगोचं पटकन सांगतो, म्हणजे चीनकडचं झाड, त्याच्या पानांचा अर्क स्मरणशक्तीसाठी विकतात. अमेरिकेत 3069 वयस्कर लोकांवर सहा वर्षं ट्रायल चालली, रोज दोनदा 120 मिलिग्रॅम, निकाल 2008 ला आला, स्मृतिभ्रंश टळला नाही. एवढा मोठा ट्रायल ब्राह्मीचा झाला पाहिजे आणि तो आपण भारतीयांनी केला पाहिजे असं माझं मत आहे, नुसतं 'आमच्या पूर्वजांना माहीत होतं' म्हणून छाती फुगवायची आणि ट्रायलला पैसे द्यायची वेळ आली की गप्प, हे बरोबर नाही.

मग सर, काहीच करायचं नाही का? करायचं की. 1999 मध्ये गेज यांच्याच प्रयोगशाळेत उंदरांना पळायला चाक दिलं तर नव्या पेशी दुपटीच्या आसपास गेल्या. माणसांत 2011 ला 120 वयस्कर लोकांवर काम झालं, आठवड्यातनं तीन दिवस 40 मिनिटं चालणं, वर्षभर, आणि एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस 2 टक्क्यांनी वाढला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा कमी झाला. तो नव्या पेशींनीच वाढला असं मीसुद्धा म्हणणार नाही, नाहीतर मी पण डबीवाल्यासारखाच झालो. पण रंकाळ्यावर रोज जाणाऱ्यांनी, मिसळ खायला थांबायच्या आधी निदान चालून घ्यावं.

भाषण झाल्यावर प्रश्न बरेच आले. एका ताईंनी विचारलं, सासऱ्यांना रक्त पातळ व्हायची गोळी चालूय, त्यात मुलानं बाहेरून कुरकुमिन आणि जिन्कगो पाठवलंय, द्यावं का. ताई, नको. दोन्ही रक्त गोठण्याच्या कामात ढवळाढवळ करू शकतात, डबी घेऊन आधी त्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि आधीच चालू केलं असेल तर तेही लपवू नका, आपल्याकडं डॉक्टरला आयुर्वेदिक घेतो म्हणून सांगायला लोक लाजतात. थायरॉईडची गोळी चालू असणाऱ्यांनी अश्वगंधेबाबत हेच करावं. एका पोरानं विचारलं ऑनलाइन पावडर चालेल का. बाबा, 2004 मध्ये बॉस्टनच्या दुकानांतनं भारत-पाकिस्तानकडची 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, 14 मध्ये शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक निघालं. शिसं हे मेंदूचं विष. बॅचचा टेस्ट रिपोर्ट दाखवत असेल तर बघ, नाहीतर सोड.

शेवटी आजऱ्याकडचे एक काका उठले, म्हणाले, "सर, आमच्या बांधावर ती गोल पानाची लई हाय, आमची म्हातारी चटणी करत्या, ती खायची का नाय ते सांगा, बाकी राहू दे." खावा की काका. चटणी म्हणून, भाजी म्हणून पालेभाजीसारखी खायला काही हरकत नाही, पिढ्यान्‌पिढ्या खाल्लीय. फक्त गटारीच्या पाण्याकडची तोडू नका, ही वनस्पती मातीतले जड धातू ओढून पानात साठवते, आणि बांधावर तणनाशक मारलं असेल तर त्या बांधाची अजिबात नको.